एकसारखेच दोन काळे पक्षी. एक धोक्यात, दुसरा मजेत. असं का?

कामासारीकर

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

कामानिमित्त दीड वर्षापासून ब्राझीलच्या बाहिया राज्यात, कामासारीला आहे. गाव सगळं कारखान्यांचं, त्यामुळे रविवारी करायचं काय हा प्रश्नच असतो. ऑफिसातल्या एकाने पक्षी बघायचा नाद लावला. इथून जवळ किनाऱ्यावर प्राया दो फोर्ते नावाचं गाव आहे आणि त्याला लागून सापिरांगा हे राखीव रान. गेल्या महिन्यात तिथे पहाटे वाटाड्याला घेऊन गेलो होतो.

चालता चालता पावसाची बारीक सर आल्यासारखा आवाज यायला लागला. वर बघितलं तर आभाळ कोरडं. पाचोळ्यावरून मुंग्या चालल्या होत्या, त्यांचा आवाज! सात-आठ फूट रुंदीचा जिवंत पट्टा. त्याच्यापुढे झुरळं, कोळी, नाकतोडे जीव घेऊन पळत होते. आणि तिथेच, जमिनीपासून हातभर उंचीवर एका उभ्या काडीला आडवा चिकटून बसलेला काळाकुळकुळीत पक्षी. दयाळाएवढा. डोळे म्हणजे फुंकर मारलेला निखारा. शेपूट झटक्याने खाली दाबायचा, टुणकन खाली, एक किडा, परत काडीवर. वळला तेव्हा पाठीवर खांद्यांच्या मधोमध काळी-पांढरी, झालर लावल्यासारखी पिसं दिसली. वाटाड्या कुजबुजला, "पापा-ताओका-दा-बाहिया!" ताडोबात वाघ दिसला की गाइडचा जसा आवाज होतो ना, तसा.

त्यानंतर साओ पावलोला मीटिंग होती. एक दिवस जोडून सेरा दो मारच्या डोंगरात गेलो. तिथे परत तेच: काळा, लाल डोळ्यांचा, शेपूट दाबणारा. फरक एवढाच, की याच्या पंखाच्या वरच्या भागावर, खांद्यापाशी, पांढरे पट्टे. मी हरखून थांबलो, तर तिथला वाटाड्या चालतच राहिला. "दो सूल, म्हणजे दक्षिणेकडचा. हा इथे सगळीकडे असतो."

घरी येऊन शोधलं. पहिला पिरिग्लेना आत्रा, आययूसीएन या जागतिक निसर्गसंस्थेच्या लाल यादीत एन्डेंजर्ड, म्हणजे धोक्यात. दुसरा पिरिग्लेना ल्युकोप्टेरा, लीस्ट कन्सर्न. म्हणजे काळजीचं कारण नाही.

माझे प्रश्न: पाठीवरची चार पिसं आणि खांद्यावरचे दोन पट्टे यावरून खरंच दोन जाती होतात का? होत असतील तर सख्ख्या भावांपैकी एकच का बुडतोय? आणि एकाला सगळी काळजी, दुसऱ्याला शून्य, हे बरोबर आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खेकडा_फ्राय

मुंग्या खाणारा पक्षी? दोन इकडे पाठवा. आमच्या साखरेच्या डब्याला नेमायचे आहेत.

मधुमालती

@खेकडा_फ्राय, डबा तसाच राहील तुमचा. हे पक्षी मुंग्या खातच नाहीत म्हटलं तरी चालेल. मुंग्यांच्या धाडीपुढे जे किडे पळतात ते खातात. नांगर चालला की मागे गायबगळे चालतात, ढेकळाखालचे किडे टिपत. नांगर कोणी खात नाही ना! इथे मुंग्या म्हणजे नांगर.

कामासारीकर, वर्णन झकास. फोटो?

कामासारीकर

फोटो काढला. काळं पान, काळी काडी, त्यात एक लाल ठिपका. सौ. म्हणाली, टीव्हीचा स्टँडबाय दिवा का काढलास?

तिरपागडा

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे: नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये दोन जुळे भाऊ आहेत, एकाच्या गालावर तीळ आहे. उद्या दोन जाती करा त्यांच्या. शास्त्रज्ञांना पेपर छापायचे असतात, पर्यटनवाल्यांना यादी लांबवायची असते आणि यादी करणाऱ्यांना 'दुर्मीळ' दिसल्याचा आनंद. एकच जात धरा. लगेच पक्षी मजेत, धोका खलास, धागा बंद.

रसिकबाळ

+१. धोका घालवायची स्वस्तातली युक्ती :)

डॉ_घुबड

@तिरपागडा, शंका रास्त आहे, पण इतिहास उलटा आहे. या जाती कालपरवा कोणी पेपरासाठी फोडलेल्या नाहीत. ल्युकोप्टेराला फ्रेंच पक्षीतज्ज्ञ व्हिएयोने १८१८मध्ये नाव दिलं आणि आत्राला इंग्रज निसर्गतज्ज्ञ स्वेन्सनने १८२५मध्ये. स्वेन्सन स्वतः १८१६ ते १८१८ ब्राझीलमध्ये हिंडला होता. दोनशे वर्षं झाली त्याला. 'पिरिग्लेना' म्हणजे ग्रीकमध्ये आगीचं बुबुळ, आत्रा म्हणजे काळा, ल्युकोप्टेरा म्हणजे पांढऱ्या पंखांचा.

आता खरी गंमत. हे दोघे मुंगीपक्षी, कुळ थॅम्नोफिलिडी. दोनशेच्या वर जाती, सगळ्या मध्य आणि दक्षिण अमेरिकेत, आपल्याकडे एकही नाही. यांचं गाणं उपजत असतं. बुलबुल, दयाळ बापाकडून शिकतात तसं हे शिकत नाहीत. (आपल्याकडचा याच मोठ्या गटातला दूरचा पाहुणा म्हणजे नवरंग, पावसाळ्याच्या तोंडावर येतो तो. इंग्रज शिकारी त्याच्या भाईबंदांनाही पूर्वी मुंगी-कस्तुर म्हणायचे.) गाणं उपजत, म्हणजे ते रक्तातूनच आलेलं. त्यामुळे मुंगीपक्ष्यांत दोन जाती वेगळ्या की एक, हे गाण्यावरून ठरवायची पद्धत आयलर दांपत्य आणि ब्रेट व्हिटनी या पक्षीतज्ज्ञांनी १९९८मध्ये घालून दिली.

पण लाल डोळेवाल्यांनी इथेच हुलकावणी दिली. दोघांची मोठी शीळ इतकी सारखी, की त्यावरून सांगताच येत नाही. तिरपागडा जिंकले असं वाटायची वेळ आली. मग २०१७मध्ये मॉर्टन आयलर आणि मार्कोस माल्दोनादो-कोएल्यू यांनी गाणं सोडून हाका तपासल्या. हाका म्हणजे धोका दिसल्यावरची, जोडीदाराला साद घालायची ती छोटी ओरड. गाण्यात न सापडलेला फरक हाकांत सापडला.

तिरपागडा

म्हणजे गाण्यात नाही सापडला म्हणून खोकल्यात शोधला! सापडेपर्यंत शोधायचं असंच ठरवलं की सापडणारच.

डॉ_घुबड

दार बंद करून फोनवर बोलणाऱ्या दोघांपैकी कोण कोकणातला आणि कोण नागपूरचा, हे तुम्ही त्यांच्या शास्त्रीय गायनावरून ओळखाल की "अगो बाई" आणि "काय करून राहिला बे" वरून? तसं आहे हे.

मधुमालती

डॉक्टर, दंडवत _/\_

पेडण्याचो

आमका गोंयकारांक एक गोष्ट सांगूची आसा. (मराठीतच सांगतो, नाहीतर संपादक ओरडतील.) 'पापा-ताओका' हे नाव वाचून बरं वाटलं. ताओका हा तिथल्या मूळ लोकांच्या तुपी भाषेतला शब्द, या धाडी घालणाऱ्या मुंग्यांसाठी. पापा म्हणजे मटकावणारा. आता तुम्ही म्हणाल तुपीशी आमचा काय संबंध? संबंध रोज खाता. काजू! तुपी 'आकाजू', पोर्तुगीज 'काजू', आणि सोळाव्या शतकात बी जहाजातून गोव्यात. ज्या ईशान्य ब्राझीलच्या किनाऱ्यावर हा पक्षी राहतो तोच काजूचा मुलूख. तिथे शेजारच्या सर्जीपी राज्याच्या राजधानीचं नावच आराकाजू. पोपटांचा काजू, असा अर्थ सांगतात.

परतफेड म्हणून आपला फणस त्याच जहाजांनी तिकडे गेला. तिथे 'जाका' म्हणतात.

कामासारीकर

हो! इथे रस्त्याकडेला टोपल्या भरून जाका विकायला असतात. मला आधी वाटलं घराची आठवण येते म्हणून भास होतोय. कापा आणि बरका दोन्ही मिळतात, फक्त नावं वेगळी.

आजी_ऑनलाइन

फणसाचं ऐकून धाग्यात आले. कुयरीची भाजी करतोस की नाही तिकडे?

कामासारीकर

करतो आजी. मोहरीची फोडणी मिळते, हरभऱ्याची डाळ साओ पावलोहून आणतो.

पेडण्याचो

आजी, पण तो फणस तिथे फार माजलाय हं. रिओच्या तिजुका जंगलात दुसऱ्या झाडांना उगवू देत नाही म्हणून कापावा लागतो. काजूचं बरं, इथे येऊन गुमान फेणी झाला.

डॉ_घुबड

अवांतर गोड आहे, पण दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. सख्ख्या भावांपैकी एकच का बुडतो?

लाल यादी पक्षी किती गोड, किती वेगळा ते बघत नाही. ती मोजमाप बघते. एक मोजमाप संख्या घटण्याचं: दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत निम्म्यावर आला तर एन्डेंजर्ड. दुसरं जागेचं: पसारा ५,००० चौरस किलोमीटरच्या आत, त्यातही जंगलाचे तुकडे पडलेले आणि ऱ्हास चालूच, तरी एन्डेंजर्ड. पसारा १०० चौ.किमी.च्या आत आला की क्रिटिकली एन्डेंजर्ड.

आता नकाशा बघा. ल्युकोप्टेरा बाहियापासून दक्षिणेकडे थेट रिओ ग्रांदे दो सूलपर्यंत, शिवाय पॅराग्वे आणि अर्जेंटिनाच्या कडेपर्यंत. लाखो चौरस किलोमीटर. आत्राच्या वाट्याला काय? पाराग्वासू नदीच्या उत्तरेला, बाहियाची राजधानी साल्वादोरच्या आसपासचा रेकॉन्कावो, तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने सर्जीपीच्या दक्षिण भागापर्यंत. एवढीच चिंचोळी पट्टी, तीही सलग नाही.

आणि हो, लीस्ट कन्सर्न म्हणजे संख्या वाढतेय असं नाही. तोही कमी होतोय. पण शंभर एकरवाल्याचे दोन एकर गेले आणि दोन एकरवाल्याचा एक गेला, यात सावकार कोणाच्या दारात बसेल?

खेकडा_फ्राय

नदी ओलांडून पलीकडे का जात नाही तो? पंख आहेत ना?

डॉ_घुबड

पंख आहेत, धाडस नाही. हे झुडपांच्या अंधारात वाढलेले पक्षी. उजेडाची रुंद पट्टी म्हणजे त्यांना समुद्र. आपल्याकडे शोला जंगलातले निळे रॉबिन पालघाट खिंडीच्या उत्तरेला एक जात, दक्षिणेला दुसरी, तसंच हे.

तिरपागडा

मग दोष देवाचा. एकाला मोठी जहागीर दिली, एकाला खोली-किचन. त्यात ब्राझील सरकारला का धरताय?

कामासारीकर

पट्टी देवाने लहान दिली हे मान्य, पण ती रिकामी माणसांनी केली. साल्वादोर १५४९मध्ये वसवलं, १७६३पर्यंत ते ब्राझीलची राजधानी. त्याच्या पाठीमागचा रेकॉन्कावो म्हणजे ब्राझीलमधल्या पहिल्यावहिल्या उसाच्या पट्ट्यांपैकी. जंगल तोडून ऊस लावला, आणि उरलेलं जंगल साखरेच्या भट्ट्यांखाली सरपण म्हणून गेलं. शिवाय तंबाखू. साडेचारशे वर्षांपूर्वीपासून हे चालू आहे. त्यानंतर गुरांची कुरणं. १९९०च्या दशकात उत्तरेकडे किनाऱ्याने मोठा रस्ता गेला, 'हिरवी रेघ' असं त्याचं नाव आहे हे विशेष! रस्त्यामागून रिसॉर्ट, बंगल्यांच्या वसाहती. मी सापिरांगाला जातो तोही त्याच रस्त्याने, एसी लावून.

पंचगंगाकाठचा

झालं, आला ऊस. मी वाटच बघत होतो कधी येतोय. पाणी संपलं, ऊस. शुगर वाढली, ऊस. आता ब्राझीलमधला एक पक्षी दिसेना, तरी ऊसच! अहो आम्ही माणसं आहोत.

गंमत सोडा, एक विचारतो. तिथली माती कसली आहे?

कामासारीकर

हलके घ्या दादा. माती काळी, चिकट, चिकणमातीच. 'मासापे' म्हणतात. पावसात गाडी रुतली की ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. उसासाठी सोनं आहे असं इथले म्हातारे सांगतात.

पंचगंगाकाठचा

मग मिळालं तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. आणि साओ पावलोकडचा तो दुसरा पक्षी कुठे बघितलात? डोंगरात. कडा, उतार, धुकं, पाऊस. तिथे नांगर चालतो का? नाही. म्हणून जंगल राहिलं, म्हणून पक्षी राहिला. आमच्याकडे बघा की. राधानगरी, दाजीपूर, चांदोली शिल्लक आहे, कारण घाट आहे. शिरोळ-हातकणंगल्याला जंगल दाखवा मला. तिथे कधी काय पक्षी होते ते सांगायला माणूससुद्धा उरला नाही. काळ्या सपाट मातीवर जे राहतं, ते पहिलं जातं. ऊस नसता तर तंबाखूने नेलं असतं, तंबाखू नसता तर प्लॉटिंगने.

ऊसवाला म्हणून नाही, मातीवाला म्हणून सांगतोय.

मधुमालती

या प्रतिसादासाठी वेगळी वाचनखूण साठवली.

डॉ_घुबड

पंचगंगाकाठचा, हेच नेमकं. सेरा दो मारच्या उतारावरचं राखीव उद्यान १९७७मध्ये झालं, तीन लाख हेक्टरांच्या वर आहे. पण एक दुरुस्ती. ल्युकोप्टेरा सपाटीवरही राहतो, आणि तिथे त्याचेही हाल आहेत. फक्त त्याला मागे डोंगर आहे. आत्राला मागे समुद्र.

तिरपागडा

बरं, आता अटलांटिक जंगल, म्हणजे ब्राझीलच्या किनारपट्टीचं हे सगळं रान, नक्की किती उरलंय ते तरी एकमताने सांगा. मी शोधलं तर एकीकडे १२ टक्के, दुसरीकडे २८ टक्के. निम्म्याहून जास्त फरक! असल्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा?

डॉ_घुबड

दोन्ही बरोबर आहेत. २००९च्या मोजणीत ११ ते १६ टक्के आलं होतं. २०१८मध्ये जास्त बारीक उपग्रहचित्रांवर मोजलं, पूर्वी दिसत नव्हते ते लहान लहान तुकडे आणि वाढती झुडपंही धरली, तेव्हा २८ टक्के आलं. जंगल रातोरात वाढलं नाही, चष्म्याचा नंबर बदलला. २००९च्याच अभ्यासातला मला जास्त टोचणारा आकडा वेगळा आहे: ८० टक्क्यांहून जास्त तुकडे ५० हेक्टरांपेक्षा लहान होते.

आणि इथे मुंग्या परत येतात. एसिटॉन या धाडमुंग्यांच्या एका वसाहतीला साधारण ३० हेक्टर रान लागतं. त्यांचं चक्र असतं. वीसेक दिवस एके जागी मुक्काम, पंधराएक दिवस रोज बिऱ्हाड बदल. म्हणजे पक्ष्याला एक वसाहत पुरत नाही, एक बसली असेल तर दुसरी चालती हवी. अमेझॉनमध्ये मानाउसजवळ १९७९पासून जंगलाचे मुद्दाम वेगवेगळ्या मापाचे तुकडे राखून अभ्यास चालू आहे. तिथे १ आणि १० हेक्टरांच्या तुकड्यांतून पक्के मुंगी-अनुयायी पक्षी बघता बघता गेले. झाडं तशीच उभी.

रसिकबाळ

माझ्या डोळ्यासमोर आठवडी बाजाराच्या मागे फिरणारे भेळवाले आले. बाजार बंद पडला की गावात घरं असून उपयोग नाही.

मधुमालती

पण लाल डोळेवाले इतके हट्टी नाहीत ना? मी वाचलं त्याप्रमाणे मुंग्या नसल्या तरी ते आपापले किडे शोधतात, आणि तोडून परत वाढलेल्या दाट झुडपी रानातही राहतात.

कामासारीकर

बरोबर. त्या परत वाढलेल्या रानाला इथे 'कापोएरा' म्हणतात. नाच-कुस्तीचा जो प्रकार बाहियाचा म्हणून जगभर गेला त्याचंही नाव तेच. रान या अर्थाने शब्द तुपी आहे: पूर्वी जंगल होतं ते. मी आत्रा बघितला ती जागाही तशीच होती, बांबू आणि वेलींचा गुंता. महावृक्ष वगैरे काही नाही. पहिल्यांदा मला वाटलं होतं, असल्या झाडोऱ्यात काय दिसणार?

खेकडा_फ्राय

म्हणजे पक्ष्याला फाइव्ह स्टार नको, चाळ चालते. मग चाळी तरी पाडू नका!

शहादेकर

आमच्या रानपिंगळ्याची आठवण झाली म्हणून लिहितो. साधा पिंगळा प्रत्येक गावच्या वडावर, त्याची कोणाला काळजी नाही. रानपिंगळा दिसायला जवळपास तसाच, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत एवढाच पटकन दिसणारा फरक. १८८४नंतर तो कोणाला दिसलाच नाही. मध्ये माइनर्टझहागेन नावाच्या साहेबाने १९१४चा नमुना म्हणून दाखवला, तो चोरून मढवलेला निघाला. शेवटी १९९७च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना आमच्या शहाद्याजवळ सापडला, ११३ वर्षांनी.

@तिरपागडा, दोन्ही पिंगळे एकच धरले असते तर तो शोधायला कोणी आलंच नसतं. शोधल्यावर मेळघाट, यावल, तानसा अशा जागा कळत गेल्या, आणि २०१८मध्ये त्याची पायरी क्रिटिकलीवरून एन्डेंजर्डवर आली. नाव वेगळं दिलं म्हणून मोजला गेला.

तिरपागडा

शहादेकर, हा मुद्दा पटला. लिहून ठेवा, वर्षातून एकदाच होतं असं.

पण धागाकर्त्याचा तिसरा प्रश्न सगळे विसरलात. एकाला सगळी काळजी, दुसऱ्याला शून्य. त्याचं काय?

रसिकबाळ

त्याआधी मराठी नाव द्या बुवा कोणीतरी. आत्रा-ल्युकोप्टेरा वाचून जीभ अडखळते. अग्निनेत्र?

आजी_ऑनलाइन

अग्निनेत्र म्हणजे पौराणिक नाटकातला राक्षस वाटतो. निखाऱ्याला आमच्याकडे इंगळ म्हणायचे. इंगळ्या म्हणा. एक झालरपाठी इंगळ्या, एक पांढरखांद्या इंगळ्या.

खेकडा_फ्राय

इंगळी म्हणजे मोठा विंचू ना आजी? उद्या लोक दवाखान्यात जातील, "इंगळ्या दिसला" म्हणून.

पेडण्याचो

झालरपाठी! पोर्तुगीजमध्ये त्याचं एक जुनं नाव 'ओल्यो-दे-फोगो-रेंदादो' असं आहे. ओल्यो-दे-फोगो म्हणजे आगडोळ्या, रेंदादो म्हणजे लेस लावलेला. आजींना पोर्तुगीज न येता तेच सुचलं.

आजी_ऑनलाइन

परकराला लेस आम्हीही लावायचो हो.

डॉ_घुबड

इंगळ्या मंजूर. आता तिसरा प्रश्न.

शून्य काळजी कोणाचीच नाही, पण पैसा मोजका असतो आणि तो रांगेत पुढे उभ्या असलेल्याला आधी जातो. रांगेत उशीर झाला की काय होतं, ते आत्राच्या घरापासून उत्तरेला, आलागोआस राज्यात मुरिसी नावाच्या रानात बघा. तिथे दुसरा एक मुंगीपक्षी आहे, मायर्मोथेरुला स्नोवी. मूठभर वजनाचाही नाही, राखाडी. १९८५मध्ये त्याचं वर्णन झालं ते मायर्मोथेरुला युनिकलर या दक्षिणेकडच्या पक्ष्याची उपजात म्हणून. म्हणजे पुन्हा तेच, दोन सख्खे. युनिकलर किनारी जंगलांत अजून बऱ्यापैकी आहे. स्नोवी आज क्रिटिकली एन्डेंजर्ड, आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पक्षी मुरिसीत राहिलेत. त्याच रानातला पानं चाळणारा एक पक्षी, फिलिडोर नोवाएसी, २०११मध्ये शेवटचा दिसला. तिथलाच आणखी एक पक्षी, सिक्लोकोलाप्टेस माझारबार्नेटी, २००७मध्ये शेवटचा दिसला आणि त्याला नाव मिळालं २०१४मध्ये. आधी गेला, मग बारसं झालं. मुरिसीला संरक्षण २००१मध्येच मिळालं होतं, पण तोवर रान सगळीकडून उसाने वेढलेलं होतं.

(पंचगंगाकाठचा, माफ करा.)

पंचगंगाकाठचा

माफी कसली. खरं ते खरं.

मधुमालती

बारशाचं वाचून कसंतरीच झालं.

पांढरखांद्याबद्दल एक सांगते, त्याच्याकडेही कोणी बघत नाही असं नाही. साओ पावलो भागात तुकड्या-तुकड्यांच्या जंगलात रेडिओ लावून त्यांचा पाठलाग केलेला २०१७चा अभ्यास आहे. घर सोडून दुसऱ्या तुकड्यात जायला निघतात त्या जास्त करून माद्या, आणि वाटेत मरण्याचं प्रमाणही कमी निघालं. नर आपला तुकडा धरून बसतात.

आता ही माहिती झालरपाठीच्या कामाची आहे. ज्याची संख्या बरी आहे त्याच्यावर प्रयोग करता येतो, रेडिओ लावता येतो. दुर्मीळ भावाला हात लावायला कोण धजेल? तर 'शून्य काळजी'वाला असा उपयोगी पडतो.

खेकडा_फ्राय

मुली सासरी, मुलगे वडिलोपार्जित फ्लॅट धरून. हा पक्षी पुण्याचा आहे.

रसिकबाळ

पेठेतला. दुपारी मुंग्यासुद्धा येऊ नयेत.

तिरपागडा

मधुमालतींचा मुद्दा चांगला, पण त्यातून एक अडचण निघते. पांढरखांद्यासाठी वाचवलेल्या तीन लाख हेक्टरांचा झालरपाठीला काडीचा उपयोग नाही, तो तिथे राहतच नाही. म्हणजे "जंगल वाचवा, सगळे वाचतील" हे वाक्य इथे लंगडं पडतं. नेमकं कुठलं जंगल, हे सांगावं लागेल. आणि ते म्हणजे रिसॉर्टशेजारचं, महाग जमिनीवरचं, गुंतागुंतीचं झुडपी रान, ज्याचा फोटो कॅलेंडरवर कोणी छापणार नाही. मी आधी म्हणालो एकच जात धरा आणि धोका खलास. तसं धरलं असतं तर पहिलं तेच रान गेलं असतं, "हा पक्षी दक्षिणेत भरपूर आहे" म्हणून. तेव्हा माझा पहिला प्रतिसाद मागे. जुळ्या भावांचं उदाहरण मात्र चांगलं होतं.

शहादेकर

संपादक, या प्रतिसादाला चौकट करून लावा.

कामासारीकर (पाच आठवड्यांनी)

मंडळी, धागा वर काढतोय. मधल्या काळात कारखान्यात शटडाउन होता, वेळच मिळाला नाही.

डॉ_घुबड यांनी हाकांबद्दल लिहिलं तेव्हापासून डोक्यात होतं. गेल्या रविवारी परत सापिरांगाला गेलो. साओ पावलोच्या वाटाड्याकडून पांढरखांद्याच्या हाकेचं रेकॉर्डिंग मागवून घेतलं होतं, आदल्या रात्री कानात घालून दहा वेळा ऐकलं. (रानात लाउडस्पीकरवर वाजवलं नाही, विणीच्या काळात त्रास होतो, आधीच सांगतो.) मुंग्यांची धाड या वेळी नव्हती. तासभर नुसते डास. मग वेलींच्या गुंत्यातून शीळ आली, पाच-सहा सुरांची. डोळे मिटले असते तर सेरा दो मारमध्येच उभा आहे म्हटलं असतं. इतपत तिरपागडा बरोबर.

मग माझ्या पायाखाली काडी मोडली आणि तो ओरडला. छोटीशी, चिडकी हाक. रात्री ऐकलेली ती ही नव्हे, हे माझ्यासारख्या कानसेन नसलेल्यालाही कळलं. वाटाड्याकडे बघितलं, तो हसत होता.

मागून मादी आली. तिच्याबद्दल कोणी विचारलंच नाही धाग्यात! ती काळी नसते, तपकिरी, शेपूट तेवढं काळं. डोळे मात्र तसेच इंगळ. रानाच्या कडेला बंगल्यांसाठी आखलेली मोकळी पट्टी आहे, खुंट्या ठोकून दोरी लावलेली. पलीकडे कापोएराचा अजून एक तुकडा. ती दोरीपर्यंत आली, शेपूट दोनदा दाबलं, आणि परत आत गेली. आम्ही अर्धा तास थांबलो. नाही ओलांडली तिने.

मधुमालती

पट्टी किती रुंद आहे?

कामासारीकर

माझी सव्वाशे पावलं. पुढच्या रविवारी सकाळी लवकर जाऊन बघतो.

आजी_ऑनलाइन

जाताना डबा ने. आणि त्या जाकाच्या आठळ्या टाकू नकोस, उकडून आमटीत घाल.